सुनेच्या नावावरची जमीन

मी, खाली सही करणारा, लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामातून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी राजीखुशीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, हृदय नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोचं मत नेमकं उलट आहे, पण तिचा दाखला कोणी मागितला नाही. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. घर. या देशात आम्ही परके. इथल्या कायद्याने परक्याला भिंती आणि छप्पर नावावर घेता येतं, खालची जमीन नाही. घर घेताना वकीलबाईंनी तीन वाटा सांगितल्या. जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्या. किंवा कंपनी काढून तिच्या नावावर घ्या, मात्र निम्म्याहून जास्त भागीदार इथले हवेत. किंवा घरात कोणी इथलं नागरिक असेल, तर त्याच्या नावावर करा. भाडेपट्टा संपेल तेव्हा मी नव्वदीला आलेलो असेन आणि मालक म्हणेल, आजोबा, निघा. कंपनीसाठी मिळणाऱ्या भागीदारांची तोंडंही मी पाहिली नव्हती. सूनबाई मात्र इथलीच, रोज संध्याकाळी बायकोबरोबर भाजी निवडायला बसणारी. जमीन तिच्या नावावर केली.

वकीलबाई म्हणाल्या, आता बायकोचा तहहयात राहण्याचा हक्क सुनेच्या सहीने सरकारी दप्तरी नोंदवून घ्या. मी म्हटलं, घरच्या माणसाकडून कसली सही घ्यायची, आमच्यात असं करत नाहीत. वकीलबाईंनी फाईल मिटली. पुढे मुलगा आणि सून वेगळे झाले.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. मी गेलो तर भिंती बायकोच्या होतील, पण त्या उभ्या आहेत ती जागा तिची नाही. गेल्या महिन्यात मी सुनेला तिच्या दवाखान्यात भेटलो. ती तिथे दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला असते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, सही मी करते. पण आईंनी एकदा स्वतः फोन करावा. वेगळे आम्ही दोघं झालो, त्यांनी मला का टाकलं?"

घरी येऊन सांगितलं, तर बायको म्हणाली, "माझ्याच घरात राहायला मी तिची परवानगी काढू?" त्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

तरी भिंती व छप्पर बायकोला, आणि तिच्या पश्चात सुनेला. तिने सही केली नाही तरीसुद्धा. हे शेवटचं वाक्य वकीलबाईंनी खोडायला सांगितलं, मी खोडलं नाही. जमिनीवाचून नुसत्या भिंती घेऊन मुलगा करणार काय?

कलम २. बँकेतली शिल्लक मुलाला. बाबांनी तिची बाजू घेतली, असं तो म्हणेल. मी त्याच्या आईच्या डोक्यावरचं छप्पर पाहिलं. त्याने खुशाल रागवावं, पण आईला फोन करत जावा.

कलम ३. हत्यारं माझ्या कामावरच्या जोडीदाराला, म्हणजे जाड्याला. ड्रिल त्याच्याकडेच आहे. उद्या देतो, उद्या देतो म्हणणं त्याने आता बंद करावं आणि ते ठेवून घ्यावं.

कलम ४. मागच्या शेजाऱ्याने कुंपण हातभर आत सरकवलं आहे. जमीन माझी नसल्याने मला धड भांडताही आलं नाही. हे भांडण मी सुनेला देत आहे. तिचा आवाज चांगला आहे.

कलम ५. बायकोस. फोन कर गं. मला भीती वाटते, ती ऑपरेशनची नाही.

पुरवणी. साक्षीदार पेन काढून बसले असताना बायको उठली आणि सगळ्यांदेखत तिने सुनेला फोन लावला. म्हणाली, "उद्या ह्यांचं ऑपरेशन आहे. बाहेर एकटीने बसायचं मला नाही जमणार. येशील का?" मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, निघाली आहे ती. सहीचा विषय दोघींनीही काढला नाही. मी काढणार होतो, बायकोने हातानेच गप्प केलं. ती आता सुनेसाठी पलीकडच्या खोलीत अंथरूण घालते आहे.

कलम १ मी होतं तसंच ठेवत आहे.

सही: लिफ्टवाला
साक्षीदार: शेजारचे न्हावी, कोपऱ्यावरच्या औषधदुकानातल्या बाई (दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे)
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची
ठिकाण: बायकोचं घर