राणीच्या डोक्याचा फोटो

हिंगोली,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,

शिलाचा सप्रेम जयभीम. सरितावहिनीला जयभीम, राणीला आत्याचे आशीर्वाद. हळदीला पाणी देणं चालू असेल. वहिनी सांगत होती, कमरेला पट्टा लावून शेतात फिरतोस. वाकायचं काम तरी दुसऱ्याला सांगत जा.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोनवर तू "बरं हाय" म्हणतोस आणि फोन वहिनीच्या हातात देतोस. पत्रावर तुझं नाव आहे, ते तुलाच उघडावं लागेल.

आधी आनंदाची बातमी. काल इथं आमचं चार दिवसांचं प्रशिक्षण संपलं. जिल्ह्यातल्या एक्स-रे आणि सीटी सेंटरांवर मशीन चालवणारे एकोणतीस जण आले होते आणि शिकवायला मी होते. तू गावात मला मशीनीची डॉक्टर म्हणून सांगतोस. मी डॉक्टर नाही रे, भौतिकशास्त्राची आहे. फोटो काढताना माणसाच्या अंगात किती किरण जातात ते मोजायचं, आणि कमीत कमी किरणांत डॉक्टरांना पुरेल असा फोटो कसा निघेल ते बघायचं, हे माझं काम. कॉलेजात पोरांना हेच शिकवते.

तिसऱ्या दिवशी विषय होता लहान लेकरांचा सीटी स्कॅन. लेकराचं डोकं लहान, हाड पातळ, त्याला मोठ्या माणसाएवढे किरण लागत नाहीत. म्हणून वय आणि वजन बघून मशीन कसं लावायचं याचा तक्ता मी आठ वर्षं खपून केलाय. तो दाखवत होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतून डॉ. पांगरेकर उठले. तू त्यांना ओळखतोस. नांदेडच्या दवाखान्यात ते माझे वरिष्ठ होते. आता हिंगोलीत त्यांचं स्वतःचं सेंटर आहे.

"मॅडम," ते म्हणाले, "किरण कमी केले की फोटोला दाणे येतात. लेकराच्या डोक्यात रक्त साकळलेलं असेल आणि मला ते दिसलं नाही, तर जबाबदार कोण? तुमचा तक्ता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा, असंच बोलणं मी याआधीही त्यांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तेव्हा मान खाली घालून बाहेर आले होते. या वेळी मी म्हणाले, "सर, तुमची भीती खरी आहे. म्हणून तुम्हीच बघा."

मी वीस लेकरांच्या डोक्याचे फोटो तयार ठेवले होते. दहा जुन्या पद्धतीने, मोठ्या माणसाच्या मापाने काढलेले. दहा आमच्या कॉलेजातले, निम्म्याहून कमी किरणांत. नावं, तारखा सगळं झाकलेलं. कुठला फोटो निदानाला अपुरा आहे तेवढं सांगायचं होतं.

ते संगणकापुढे बसले. पाऊण तास लागला, पण एकही फोटो त्यांनी घाईत बघितला नाही. माणूस कामात पक्का आहे, हे मी तेव्हाही नाकारत नव्हते. चौदाव्या फोटोवर थांबले आणि बोट ठेवून म्हणाले, "हे बघा. इथं रक्त आहे, तिळाएवढं. असा फोटो पाहिजे. हा जुन्या मापाचा."

मी यादी त्यांच्याच सेंटरच्या धनसिंगच्या हातात दिली आणि वाचायला सांगितली. धनसिंगचा आवाज आधी बारीक होता. वाचता वाचता मोठा झाला. चौदावा कमी किरणांचा होता. विसांतला एकच फोटो त्यांनी खराब म्हणून बाजूला काढला होता. तो जुन्या मापाचा निघाला, लेकरू हललं होतं.

डॉ. पांगरेकरांनी चौदावा फोटो पुन्हा उघडून बघितला. मग उठून सगळ्यांसमोर म्हणाले, "धनसिंग, उद्या सकाळी पयलं काम, मॅडमचा तक्ता आपल्या मशीनवर चढवायचा." एकोणतीस जणांनी टाळ्या वाजवल्या, दादा. काल जाताना प्रत्येकाने तक्ता नेला. जिल्ह्यातली सगळी सीटी सेंटरं पुढच्या महिन्यापासून तो वापरणार, तसं त्यांनी लिहून दिलंय.

तुला वाटेल, एवढं झालं तर ही आनंदाने घरी का आली नाही? हिंगोलीहून आपलं शिरड शहापूर तासाभरावर. चार दिवस मी इथं आहे आणि तुला कळवलंसुद्धा नाही.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला मी आले नाही, तेव्हा परीक्षेचं कारण सांगितलं होतं. परीक्षा नव्हती. तू म्हणालास, "मोठी झाली तू, आमी लहान राहिलो," आणि तेव्हापासून मोकळं बोलणं तोडलंस. तुझा राग बरोबर होता, पण कारण वेगळं होतं.

परवा टाळ्या थांबल्यावर डॉ. पांगरेकर मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी तुम्ही एक कागद आणला होता. मी वाचला नव्हता. चूक झाली." ते त्यांचं बोलून मोकळे झाले. माझं राहिलं होतं.

राणी पाच वर्षांची होती. पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडली, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि तू तिला जीपमध्ये घालून थेट नांदेडला, माझ्या दवाखान्यात आणलंस. स्कॅन करणं गरजेचंच होतं, त्यात चूक नव्हती. दारातल्या माणसाला तू म्हणालास, "माझी बहीण हाय इथं, आता काई काळजी न्हाई."

त्याच महिन्यात मी त्या मशीनचे किरण मोजले होते. लेकरांनाही मोठ्यांच्याच मापाने किरण दिले जात होते, लागतात त्याच्या दुपटीहून जास्त. ते आकडे लिहून नेले, तोच तो कागद. डॉ. पांगरेकर म्हणाले होते, फोटो स्वच्छ पाहिजे, तू नवीन आहेस, आधी शिक. मी कागद कपाटात ठेवला.

राणी आत गेली तेव्हा मी काचेमागे उभी होते. तंत्रज्ञाने मोठ्या माणसाचं माप लावलेलं मला दिसत होतं. "थांबा, कमी करा," एवढे तीन शब्द. नोकरीला सातवा महिना होता. मी बोलले नाही. राणी हलली, म्हणून फोटो पुन्हा काढला. तेव्हाही मी बोलले नाही. फोटोत काही निघालं नाही आणि तू सगळ्या दवाखान्याला पेढे वाटलेस. पहिला माझ्या हातावर ठेवलास.

घाबरू नकोस. धोका वाढला असेल तर तो फार थोडा आहे, हजारातल्या एखाद्या लेकराला कधीतरी पुढे त्रास होईल इतका. राणी धडधाकट आहे आणि तशीच राहील असं माझं शास्त्रच सांगतं. पण त्या हजारांत माझं लेकरू मी उभं केलं होतं. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले की मला ती काच दिसायची. म्हणून मी यायचं टाळत गेले. वर्षभरात ती नोकरी सोडून शिकवायला लागले. तक्ता केला तो पुढच्या लेकरांसाठी, हे खरं. पण सुरुवात राणीपासून झाली, हे मी कुठल्याही भाषणात सांगितलेलं नाही. ते आधी तुला सांगायचं होतं.

वाटलं तर राणीला वाचायला दे. नाही वाटलं तर देऊ नकोस. उद्या मी कॉलेजला परत जातेय. तू बोलावल्याशिवाय उंबऱ्यात येणार नाही.

तुझ्यापुढे अजून त्या काचेमागेच उभी असलेली,
शिला


शिरड शहापूर,
७ डिसेंबर २०२५

शिलास,

दादाचा जयभीम. आमी सगळे मजेत. कंबर हाय तशीच हाय.

मला तुझ्यासारखं लिवता येत न्हाई. राणीला म्हनलं, मी सांगतो तू लिव. ती म्हनली, "न्हाई बाबा, तुमीच लिवा."

तुझा कागद रानात पान्याच्या मोटारीपाशी बसून वाचला. दोन दिवस तो खिशात घेऊन फिरलो. सरितानं कागद खिशातून काढून वाचला अन् राणीच्या हातात दिला. पोरगी अकरावी सायन्सला हाय, तिला माझ्यापेक्षा जास्त समजतं. वाचून रडली, मग म्हनली, "मला वाटायचं आत्याला मी आवडत न्हाई." बघ, लेकरू काय समजून बसलं व्हतं इतकी वर्षं.

माझा राग मशीनीचा न्हाई. नवी नोकरी व्हती, घाबरली तू. मी बी पाटबंधाऱ्याच्या सायबासमोर घाबरलेला हाय. राग याचा, की तकलीफ एकटीनं काहून सोसली? मी काय परका व्हतो?

आता पुढचं ऐक. मागच्या मंगळवारी आपल्या शेजारच्या भीमसिंगची नात ट्रॉलीवरून पडली. चार वर्षांची. त्याला काई सुचंना, म्हनून मीच गाडी काढली. हिंगोलीला गेलो, त्याच पांगरेकर डॉक्टरच्या सेंटरला. धनसिंग नावाचा मानूस आला. त्यानं आधी पोरीचं वय इचारलं. मग वजनकाट्यावर उभी केली. मग भिंतीवरचा तक्ता बोटानं पाहिला अन् मशीनीत आकडे घातले. पोरगी हलू नये म्हनून तिच्या मायला किरण अडवनारा जाड कोट घालून जवळ उभं केलं, बोलत राह्य म्हनला. एकाच फोटोत काम झालं. डोक्यात काई न्हाई निघालं. पोरगी आता आंगनात नाचून राहिली.

मी तो तक्ता जवळ जाऊन वाचला. खाली बारीक अक्षरात नाव व्हतं, शिला अमृतराव खिल्लारे. अमृतराव म्हंजे आपले नाना, जलमभर दुसऱ्याच्या रानात राबले. त्यांचं नाव मी रेशन कार्डावर पाहिलं अन् मरनाच्या दाखल्यावर. भिंतीवर छापलेलं त्या दिवशी पयल्यांदा पाहिलं. भीमसिंग म्हनला, "रत्नपाल, काहून रडून राहिला? पोरगी बरी हाय की."

धनसिंगला सांगितलं, ही आमची शिला. त्यानं मला खुर्ची दिली, चहा पाजला. म्हनला, बाईंनी शिकवल्यापासून जिथं जिथं तक्ता गेला तिथं असंच चालू हाय.

राणी म्हनते सुट्टीत आत्याकडं जाऊन मशीन मोजायचं शिकनार. मी म्हनलं, आधी आत्या इथं येईल, मग तू जा. सरितानं तुझ्यासाठी हळद दळून ठेवली. बोलावल्याशिवाय येनार न्हाई लिवलं व्हतं ना, मंग हे बोलावनं समज. येत्या रविवारी ये. राणीच्या डोक्यावरून हात फिरव, मग काय बोलायचं ते बोल.

राग थोडा शिल्लक हाय, तो समोर बसवून काढीन.

तुझा थोरला भाऊ,
रत्नपाल अमृतराव खिल्लारे
(पूर्ण नाव मुद्दाम लिवलं.)