परत केलेला गुळाचा खडा

बाबा, विहारात मी पंचशील न अडखळता म्हटले म्हणून शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता, आणि तुम्ही तो सगळ्यांदेखत परत करायला लावलात. काकू म्हणाल्या, "गुरुजी, लेकरू हाय ते, खाऊ द्या ना!" तुम्ही म्हणालात, "लालचीनं पाठ केलेलं लालूच सरली का जाईन." मी सात वर्षांची होते. उत्तर आज देते आहे. अमरावतीत जन्मभर वकिली केलेल्या बाईने इतका उशीर लावू नये, हे मान्य.

प्रकरण असे. माझ्या हातून दोनदा गॅस सुरू राहिला. करपलेले पातेले पाहून लेक म्हणाली, "आई, बस झालं आता. घराले कुलूप लाव अन् चाल माह्यासंगं अकोल्याले." मी नकार दिला, तेव्हा तिने मला तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी चित्रे दाखवली. काहींवर पिवळी खूण, ती उद्या आठवली तर बक्षीस. दुसऱ्या दिवशी खुणेची बहुतेक आठवली, बिनखुणेची बहुतेक गेली. "म्हंजे तुले पायजे तेवढंच ध्यानात राह्यते!" लेक म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी समजावले, की थकलेला मेंदू सगळे सांभाळू शकत नाही. पण काही मिळण्याची आशा असेल तर तो निवड करतो, आणि निवडलेले जपतो. तिथेच मी लेकीकडून महिन्याची मुदत मागून घेतली: तेवढ्यात पुन्हा गॅस सुरू राहिला, तर अकोल्याला जाईन.

तेव्हापासून ओट्यावर गुळाचा डबा आहे. रेग्युलेटर बंद केला की एक खडा. संध्याकाळी लेकीचा फोन येतो, "खाल्ला का वं गूळ?" महिना काल संपला. गॅस एकदाही सुरू राहिला नाही. मी माझ्याच घरात राहणार आहे. मोबदल्याने टिकलेली आठवण हलकी, हे तुम्ही गृहीत धरलेत. सिद्ध कधीच केले नाही. या वयात मनाला लाच द्यावी लागत असेल, तर मी ती उजळ माथ्याने देईन.

एक मुद्दा मात्र मलाच अडवतो. तो खडा मला मिळालाच नव्हता, तरी पंचशील आजही मुखोद्गत आहे. त्या दिवशी म्हणताना मी विहाराच्या दाराशी उभ्या असलेल्या तुमच्याकडे पाहत होते. माझ्याबरोबर तुमचेही ओठ हलत होते. म्हणजे लालूच होतीच, बाबा, आणि ती काकूंची नव्हती.

हा कागद डब्याखालीच राहील. गॅस बंद केल्यावर मी आधी दाराकडे पाहते, गूळ नंतर खाते. हे लेकीला सांगितलेले नाही.