बोट रविवारी नक्की

३ एप्रिल, गुरुवार
येत्या रविवारी बोट सुटणार. काल्हेरच्या खाडीतून बाहेर, मग थेट हरिहरेश्वर. कॅप्टन मी. इंजिनावर मोहिउद्दीन, नवशाचा रेतीच्या बोटीवरचा जुना जोडीदार. पॅसेंजर नवशा. माझा धाकटा भाऊ, नोव्हेंबरात हार्टने गेला. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून अंगणातल्या बदामाला फडक्यात बांधून टांगल्यात. मला बोटीतनंच न्या, असं तो जिवंतपणी सांगायचा. त्याची बायको बायजाबाई म्हणते, गाडी करून मोकळं करा एकदा. शब्द म्हणजे शब्द, मी ऐकलं नाही.
डोळे पिवळे दिसतायत. ट्यूबलाइट जुनी झालीय.

५ एप्रिल
कावीळ. डॉक्टर म्हणाले, बिलिरुबिन फार वाढलंय, महिनाभर आराम. डॉक्टर लोकांना आकडे फुगवायची सवयच. सून हेमालीने गावठी इलाजही केला. पूर्णा गावच्या म्हाताऱ्याने डोक्यावर मुळ्यांची माळ घातली. कावीळ उतरते तशी माळ लांबत खाली येते म्हणे. बोट पुढच्या रविवारी नक्की.

८ एप्रिल
माळ कानांवर अडकलीय. थोडी ओढली. मदत म्हणून.

९ एप्रिल, संध्याकाळ
बदामाखाली नवशा खोकला. तोच, विडी संपत आल्यावरचा खोकला. हेमालीला विचारलं, तिला काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, दादा, कवा निंगायचा? म्हटलं, रविवारी. बिलिरुबिनचा परिणाम असणार. घाबरलो नाही. खिडकी मात्र लावून घेतली.

१३ एप्रिल, रविवार
ताप. बोट राहिली. खिडकी उघडीच ठेवली. काळोख पडेपर्यंत गप्पा मारल्या. आमच्या गोडाऊनचा नवा मॅनेजर कसा बावळट आहे ते सांगितलं, तर खदाखदा हसला. नोव्हेंबरपासून एवढं बरं वाटलं नव्हतं.

२१ एप्रिल
बिलिरुबिन निम्म्यावर. हेमालीने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी नवशाचा आवाज बारीक येत होता, मोबाईलची रेंज गेल्यासारखा. बिलिरुबिन उतरतंय तसा तोही उतरतोय. आज भीती वाटली.

२३ एप्रिल
मोहिउद्दीन येऊन गेला. म्हणाला, दौलतभाई, मे अर्धा गेला की दर्या बिघडेल, अभी निकलो. म्हटलं, कॅप्टन मी आहे. माळ छातीपर्यंत आली होती. मागे गाठी मारून पुन्हा गळ्याशी आणली. घाई बरी नव्हे.

२७ एप्रिल
पथ्य कडक चालू. हेमाली दळण आणायला गेली तेवढ्यात नाक्यावर जाऊन तळलेले बोंबील खाल्ले, दोन प्लेट. लिव्हरलाही थोडा व्यायाम हवा. संध्याकाळी कान लावून बसलो. शेजारच्या पॉवरलूमची खडखड, बाकी काही नाही.

२ मे
रिपोर्ट नॉर्मल. दुसऱ्या लॅबमध्ये करून घेतला, तोही नॉर्मल. हल्ली लॅबवाल्यांचा भरवसा राहिला नाही. डॉक्टरांना विनंती केली, घरचं कोणी विचारलं तर अजून पंधरा दिवस आराम सांगा. बायजाबाईला तसंच सांगितलं. ती बदामाखाली जाऊन फडक्यावरची धूळ झटकली आणि बराच वेळ उभी राहिली.

४ मे, रविवार
उशिरा उठलो. फांदी मोकळी. हेमाली म्हणाली, काकी पहाटेच मोहिउद्दीनचाचांबरोबर बोटीने गेली, अस्थी घेऊन. भाऊजींना आजारपणात उठवू नको म्हणाली. मला न विचारता? कॅप्टनला? ओरडणार होतो. मग आठवलं, मी आजारी आहे.

५ मे
बायजाबाईचा फोन. म्हणाली, भाऊजी, झालं सगळं, दर्या शांत होता, तुमचा शब्द खरा झाला. म्हटलं, छान झालं. संध्याकाळी खिडकीत बसलो. शेवटी मीच जरा खोकून बघितलं.

६ मे
दवाखान्यात गेलो. सांगितलं, जेवण जात नाही, झोप लागत नाही, छातीत नुसतं रिकामं वाटतं. डॉक्टर हसले. म्हणाले, काका, आता घरी किती दिवसांचा आराम सांगायचा?
म्हटलं, साहेब, या वेळी खरंच बरं नाहीये.