बुटांच्या दुकानावरचा बर्फ

कायझर्सलाउटर्न,
मंगळवार, २२ जानेवारी २०१३, सकाळी ६.४०

ती. आत्माराम काकांस हरीशचा शि. सा. न. वि. वि.

ओले हातमोजे हीटरवर वाळत घालून स्वयंपाकघरात लिहायला बसलो आहे. नीता लॅबमधून उशिरा आली, झोपली आहे. फोनवर काकू स्पीकर लावते, म्हणून पत्र.

दुकानांच्या इमारती सांभाळणाऱ्या फोग्टसाहेबांकडे माझी प्रोबेत्साइट, म्हणजे कच्च्या नोकरीचे सहा महिने, २८ फेब्रुवारीला संपते. एका बुटांच्या दुकानाच्या सपाट छपरावरचा बर्फ मी लोटतो. पाणी जायच्या भोकांत गोठू नये म्हणून तापणारी वायर असते. तिचं बटण खाली गोदामात आहे. त्याचा लाल दिवा दिवसरात्र उगाच जळतो असं मला वाटलं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे निघताना सगळी बटणं बंद करायचो, त्यात तेही. शुक्रवारी भोकं गोठली, पाणी तुंबलं आणि चाळीस जोड बूट भिजले.

कारण लक्षात येताच मी बटण चालू केलं, गळती थांबली. पण साहेब म्हणतात, छप्परच कुजलंय, मार्चमध्ये उकलून नवं करू. खरं सांगितलं तर नोकरी जाईल आणि मी पुन्हा नुसता नीताच्या व्हिसावरचा नवरा. काय करू?

आपला घाबरलेला पुतण्या,
हरीश

मिरज, ४ फेब्रुवारी २०१३

चि. हरीश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

डिप्लोमा अर्धा सोडलास, पण पत्रात एक वेलांटी चुकली नाही. बत्तीस वर्षं वायरमन होतो, पण कुठलं बटण बंद करू नये ते तुला सांगायचं राहिलं. निम्मा दोष माझा, साहेबांना खुशाल सांग.

एकदा चुकीचा फ्यूज काढून मी लग्नाच्या मांडवात अंधार केला होता. खापर ट्रान्सफॉर्मरवर फुटलं, मी गप्प बसलो. धडधाकट ट्रान्सफॉर्मर बदलला वीजमंडळाने! अजून लग्नाचं आमंत्रण आलं की तेच आठवतं.

पत्र काकूनेच आधी फोडलं. ती म्हणते, आधी नीताला सांग, मग साहेबांना. बायकोला बाहेरून कळलं तर नोकरीची काळजी करायलाही उरणार नाहीस.

तुझे काका

कायझर्सलाउटर्न, १६ फेब्रुवारी २०१३

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

नीताला सांगितलं. ती म्हणाली, मला तीन आठवडे माहीत आहे, तू झोपेत बडबडतोस.

साहेबांसमोर पाठ केलेलं जर्मन बोललो. ते आल्झो, म्हणजे ‘असं आहे तर’, एवढंच म्हणाले. मग मला घेऊन शिडीने छपरावर चढले. चारही भोकांत माझ्याकडून बादल्या ओतवल्या, खाली जाऊन छत तपासलं आणि परत वर आले. एक थेंब नाही. छप्पर उकलायचं रद्द. बुटांचे पैसे भरतो म्हटलं, तर विमा आहे म्हणाले. नोकरीचं विचारायचा मला धीरच होईना.

त्यांनीच खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. म्हणाले, छपरं गळली की सगळे हवामानाला दोष देतात. स्वतःचं नाव सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. १ मार्चपासून बेकरी, औषधांचं दुकान आणि गॅरेज, ही तीन छपरंही तुझीच.

मी गेनाऊ, म्हणजे ‘अगदी बरोबर’, एवढंच म्हणालो. साहेब उतरून गाडीत बसले, हॉर्न वाजवायला लागले, तरी मी किल्ल्या धरून वरच उभा होतो.

काकूला नमस्कार. पत्रं फोडावीत, पण माया अशीच राहू द्यावी.

आपला,
हरीश