तिनं सांगितलं होतं का?

सूस (ट्युनिशिया), रविवार

प्रिय मबरूकाताई,

तुझ्या धाकट्याचा सलाम. मी बरा आहे, जेवतो वेळेवर. हरिसा चटणी संपत आलीय, आईच्या हातची पाठव. तिचा गुडघा कसा आहे? कॉलेज अर्ध्यावर सोडल्याचं तिला अजून सांगू नकोस.

काल आमच्या चित्रपट मंडळात सिनेमा होता. त्यातला माणूस एका बाईपायी गाव, नोकरी सगळं सोडून येतो आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दिवे लागले, आम्ही खुर्च्या गोल मांडल्या आणि सर्वांत आधी मीच उसळलो, "दगडाच्या काळजाची बाई! त्यानं काय नाही सोडलं तिच्यासाठी?"

समोर युस्रा होती. जिच्यामागे मी ट्यूनिस सोडून इथं आलो, तीच. शांतपणे म्हणाली, "तिनं सांगितलं होतं का, सोड म्हणून?"

कोणीतरी हसलं, "घस्सान, दे आता उत्तर!"

मी उठलोच होतो. पण चर्चा चालवणारे मुन्सिफकाका म्हणाले, "बस रे बाबा. सगळ्यांचं होईपर्यंत दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही." मंडळाचा नियमच आहे तो. बावीस जण बोलले. माझ्या कानात एक शब्द शिरला नाही. मी तिचाच प्रश्न चघळत बसलो.

माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "नाही. सांगितलं नव्हतं."

तिनं मान हलवली आणि शेजारणीशी बोलायला लागली.

घरी कधी येतोस, असं विचारू नकोस ताई. येऊन तरी काय करू? आईला म्हण, अभ्यास चालू आहे.

तुझा वेडा,
घस्सान