साउरो खाटकाची अट

फ्लोरेन्स, ९ ऑक्टोबर १९६१

ती. आजीस, ओर्नेल्लाचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या कोर्राडोचे वडील, साउरोकाका, इथले नावाजलेले खाटीक. टोप्या शिवणारी सून चालेल म्हणतात, पण आधी तिनं बैलाच्या मांसाचा चार बोटं जाड तुकडा भाजून दाखवावा. बावीस तारखेला, रविवारी, सगळं घर माझ्याकडे जेवायला येतंय. मांस तेच आणणार. बिघडलं तर लग्न मोडलं समज. मला धड अंडं तळता येत नाही! कसं भाजायचं ते लगेच कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ओर्नेल्ला

फोयानो, १३ ऑक्टोबर

चि. ओर्नेल्लास, आजीचे अ. उ. आ.

मी सांगतेय, सेत्तिमिओ पाद्रीबुवा लिहितायत. आज शुक्रवार, मांस वर्ज्य. बिचारे लिहिताना आवंढे गिळतायत.

मांस सकाळीच गारव्यातून काढ. आधी मीठ लावलंस तर मी तुझी आजी नाही. जाळ नको, लाल निखारे हवेत. काटा टोचू नकोस, चिमट्यानं एकदाच उलट. शेवटी तुकडा हाडावर उभा कर. मग जरा निवू दे, तेव्हा मीठ. आत लालच राहिलं पाहिजे. अजून भाज म्हणणारा बिशप असला तरी त्याला दार दाखव. बुवा आपल्या वरिष्ठाबद्दल, बिशपबद्दल, असं लिहीनात. म्हटलं, मग माझ्या कोंबड्यांची अंडी विसरा. लिहिलं.

जपून राहा, लोभ आहेच.
आजी (फुली माझी, अक्षर बुवांचं)

फ्लोरेन्स, २३ ऑक्टोबर

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुकडा हाडावर असा ऐटीत उभा राहिला की कोर्राडोच्या आईनं टाळ्या वाजवल्या. मी तो स्वयंपाकघरात नेऊन कापायला घेतला, तोच साउरोकाका आत आले आणि दार लावून कुजबुजले, पोरी, माझा वाटा काळा होईस्तोवर भाज. लाल मांस त्यांच्या घशाखाली उतरतच नाही! घरी दात दुखतो सांगून चीजवर भागवतात, आणि दुकानात अजून भाजायचं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांवर डाफरतात.

तुझं दार दाखवणं आठवलं. पण मी म्हटलं, काका, भाजते, आधी बाहेर जाऊन होकार द्या. ते हसले, म्हणाले, खाटकाच्या घरात शोभशील. होकार दिला. त्यांचा वाटा मी शिजवलेल्या घेवड्याखाली पुरून वाढला.

लग्न मे महिन्यात, तुझ्या अंगणात. पण तिथे गावोगावचे खाटीक त्यांच्या ताटलीकडे बघत बसणार. काकांची झोप उडालीय. रागावू नकोस, काहीतरी कर. तुझ्याच मायेवर भिस्त.
ओर्नेल्ला

फोयानो, २७ ऑक्टोबर

चि. ओर्नेल्लास, अ. उ. आ.

पत्र ऐकून कपाळावर हात मारला. एवढा चांगला बैल वाया गेला! बुवांना शपथ घातलीय, कुठे बोलायचं नाही.

साउरोला सांग, लग्नात माझ्या शेजारी बसायचं. डॉक्टरानं मला सहा वर्षांपासून असं आत लाल राहिलेलं मांस बंद केलंय, तुझी आई पहारा देते. तेव्हा सगळ्यांदेखत माझा वाटा काळाठिक्कर भाजीन, साउरोला लालबुंद वाढीन. मग दोघं ताटल्या बदलू.

बुवा म्हणतात, हे पाप आहे. मी म्हटलं, मग त्यावर उतारा म्हणून आम्ही ताटल्या बदलेपर्यंत उभे राहून लांबलचक प्रार्थना म्हणा, सगळे डोळे मिटून बसतील.

किती लांब, असं विचारतायत.

सुखी राहा.
आजी (फुली)