खिडक्या मी कोरड्या घासल्या

मी, कॅझिमिर व्रोन्कोव्स्की, वय एक्क्याऐंशी, धंद्याने रंगारी, राहणार मिलवॉकी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शरीर थकले आहे; स्मरणशक्ती नको तितकी शाबूत आहे.

१. राहते घर मुलगा लेनर्ड यास मिळावे. ब्रश पुतण्या झिगी यास. रंग घासायचे यंत्र मोडून टाकावे. शेजारी बर्नार्डने माझी लांब शिडी परत केलेली नाही. ती त्याच्याकडेच राहू द्यावी, पण मी विसरलो नव्हतो हे त्याला कळवावे.

२. भाड्याचे जुने दुमजली घर भाडेकरू श्रीमती व्हर्नेल टिब्ज यांची मुलगी ओडेसा हिला द्यावे. त्याआधी माझ्या बचतीतून सर्व खिडक्या परवानाधारक कामगारांकडून बदलाव्यात: घर रिकामे करून, प्लास्टिक अंथरून, रंग ओला करून. धूळ तपासून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.

३. कारण लिहितो. सतरा वर्षांपूर्वी घर भाड्याने देताना शिशाच्या विषारी रंगाविषयीच्या सक्तीच्या सरकारी कागदावर मी ‘माहिती नाही’ या चौकटीत खूण केली. ते खोटे होते. त्या खिडक्यांसाठी शिशाचा सफेदा अळशीच्या तेलात मीच वडिलांबरोबर कालवला होता.

ईस्टरपूर्वी खिडक्या उजळायच्या ही आम्हा पोलिश लोकांची रीत. त्याच वर्षी सण तीन दिवसांवर आला होता, ओले लाकूड वाळायला वेळ लागतो, म्हणून मी यंत्राने कोरडेच घासले. खाली जमिनीवर दीड वर्षाची ओडेसा खेळत होती. धुळीने तिचे केस पांढरे झाले, तेव्हा मी हसलो, “बघ व्हर्नेल, म्हातारी झाली तुझी पोरगी!”

पुढे तिच्या रक्तात शिसे सापडले. ती उशिरा बोलली. शाळेत आकडे तिच्या डोक्यात टिकले नाहीत. मी व्हर्नेललाच म्हणालो, “जमीन नीट पुसत जा गं, पोर काहीबाही तोंडात घालते.”

“हो मिस्टर कॅझ, चुकलंच माझं,” ती म्हणाली. आजही ती दिवसातून तीनदा गुडघ्यांवर बसून जमीन पुसते.

लेनर्ड म्हणतो, “बाबा, घर द्या हवं तर, पण हे कशाला लिहिता? मेल्यावर तरी अब्रू राहू द्या.”

४. कलम ३ माझ्यामागे व्हर्नेलला वाचून दाखवावे, असे आधी लिहिले होते. तोही पळपुटेपणाच, म्हणून खोडले. आज तिला बोलावून हा कागद तिच्या हाती दिला.

तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, “सतरा वर्षं मी रोज पोरीची माफी मागतेय, मिस्टर कॅझ.”

तिने मला माफ केलेले नाही, याची नोंद घ्यावी.

साक्षीदार: हेलन पिओट्रास्के, डेल ओस्टरहाउस
मिलवॉकी, ९ ऑक्टोबर २०२३
सही: कॅझिमिर व्रोन्कोव्स्की